पायरीवरचा टाळकरी

रॉइकोपच्या माळावर तांबडे फुटले की उजेड आधी टेकडीवरच्या किल्ल्याच्या बुरुजाला लागे आणि मग, बऱ्याच वेळाने, खाली राहणाऱ्या माणसांना. टेकडीची माती तांबडी, किल्ल्याचा दगडही तांबडा. बोअर लोकांनी, म्हणजे तिथे वसलेल्या डच गोऱ्यांनी, इंग्रजांशी झुंजण्यासाठी तो बांधला, इंग्रजांनी तो जिंकून त्याचा तुरुंग केला, आणि पुढे दोघे गोरे एक होऊन राज्य करू लागले तेव्हा त्यात कोंडायला काळी माणसे तेवढी उरली. किल्ल्याखाली गोऱ्यांची बंगलेवस्ती, तिच्याखाली हिंदी लोकांची बाजारगल्ली, आणि रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे, जिथे नळ एक आणि घरे चारशे, तिथे काळ्यांची वस्ती. तिला सगळे 'लोकेशन' म्हणत. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल प्रांतातल्या या गावाची ही हकिकत. साल एकोणीसशे साठ.

त्या राज्याचा अमल कसा होता, ते दोन शब्दांत सांगायला हवे. जुन्या काळी परमुलखातून जाणाऱ्या वाटसरूला चौकीवर दस्तक दाखवावे लागे. इथे काळ्या माणसाला आपल्याच मुलखात, आपल्याच दारातून बाहेर पडायला दस्तक लागे. त्याला पास म्हणत. तो अंगावर नसेल तर किल्ला. त्या वर्षी मार्चच्या एकविसाव्या तारखेला शार्पव्हिल नावाच्या गावी लोक पास घरी ठेवून पोलीसचौकीपुढे जमले, आणि त्या निःशस्त्र जमावावर सरकारने गोळ्या चालवल्या. एकोणसत्तर माणसे पडली. पुष्कळांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. श्रोते सज्जनहो, पाठीत गोळी लागलेला माणूस कोणाच्या अंगावर चालून जात होता, हे त्या सरकारला कोणी विचारले नाही.

बाजारगल्लीच्या टोकाला भिकाजीबुवा पावसकरांची लॉन्ड्री होती. वडिलांबरोबर रत्नागिरीहून बोटीने आले तेव्हा बुवा अकरा वर्षांचे होते. आता साठीला टेकले होते. किल्ल्यावरच्या शिपायांचे खाकी गणवेश धुवायचे काम तीस वर्षे त्यांच्याकडे होते, आणि तीस वर्षांत एक बटण हरवले नव्हते. पण गावात त्यांना मान होता तो दुसऱ्याच कारणाने. लॉन्ड्रीमागच्या पत्र्याच्या राममंदिरात बुवा कीर्तन करीत. मामाकडून शिकलेले, साधेच. आवाज मात्र असा की परदेशात जन्मलेल्या, ज्यांनी कोकण कधी पाहिले नाही अशा पोरींच्या डोळ्यांतही पाणी यावे. कमरेला उपरणे बांधून ते उभे राहिले की ती नारदाची जागा. तिथे उभ्या राहिलेल्या माणसाने खोटे बोलायचे नाही. बुवांनी हा नेम असा पाळला होता की कथेत एखाद्या राजाची सेना किती अक्षौहिणी हे नीट आठवले नाही, तर ते गाणे थांबवून श्रोत्यांना तसे सांगत.

आणि मंदिराच्या पायरीवर मोलेफे असे.

मोलेफे हा लोकेशनातला, स्वाना जमातीचा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. बावीस वर्षे तो लॉन्ड्रीत इस्त्री करीत होता. गावात वीज आली, विजेच्या इस्त्र्या आल्या, तरी त्याचा हात कोळशाच्या जड इस्त्रीवरच बसलेला. बुवा काम करताना पदे गुणगुणत. मोलेफे इस्त्रीच्या झाकणावर बोटांनी ताल धरी. ऐकता ऐकता तो मराठी शिकला, आणि तीही रत्नागिरीची. एखादे गिऱ्हाईक कुरकुर करू लागले की बुवांकडे न बघता म्हणे, "ह्येच्या शर्टापरीस ह्येच्या तोंडाला इस्त्री व्हयी." रविवारी दुपारी कीर्तन असले की तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून येई आणि दाराबाहेर पायरीवर बसे. टाळांऐवजी मांडीवर हात. बुवांची समेची जागा त्याची कधी चुकली नाही. आतल्या टाळकऱ्यांची चुके.

कीर्तन संपले की बुवांच्या पत्नी आवडाबाई प्रसाद वाटत. आत सगळ्यांना पितळी पेल्यातून. मोलेफेला पायरीवर, निळ्या कडेच्या पांढऱ्या पत्र्याच्या मगातून. मग दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेला असे. आवडाबाई तो दुसऱ्या कोणाला धुवू देत नसत, स्वतः राखेने घासून लख्ख करीत, आणि त्यात सगळ्यांपेक्षा दोन घोट जास्त घालीत. त्यांच्या मनात माया सोडून दुसरे काही नव्हते, हे मी देवाच्या पायावर हात ठेवून सांगेन. पायरीच्या दगडावर त्या मगाच्या बुडाचे गोल वळ मात्र उठले होते. बावीस वर्षांचे.

त्याला आत का घेत नव्हते? बुवा दर रामनवमीला ठरवीत, की यंदा मंदिराच्या मंडळाच्या सभेत हा विषय काढायचा. अध्यक्ष तळवडेकरशेठ भले गृहस्थ, पण भित्रे. चार घरे नाराज होतील, पुढच्या वर्षी बघू म्हणतील, हे ठाऊक असल्याने बुवाच विषय पुढच्या वर्षावर ढकलीत. पुढे सरकारनेच कायदा केला, की वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांनी परवान्यावाचून एकत्र जमायचे नाही. तो कायदा वाचून बुवांनी गोऱ्यांना शिव्या दिल्या, आणि त्याच वेळी मनात कुठेतरी त्यांना सुटल्यासारखे वाटले. हे त्यांनीच पुढे बोलून दाखवले, म्हणून मला सांगता येते.

त्या वर्षी गुढीपाडवा आला तो शार्पव्हिलनंतरच्या सोमवारी. तिकडे चैत्रात पालवी फुटत नाही, पाने गळतात. दुपारी रामाच्या नवरात्राचे पहिले कीर्तन होते. बुवा उभे राहिले, नमन झाले, आणि समेवर येताना त्यांचा कान सवयीने पायरीकडे गेला. पायरी रिकामी होती. संध्याकाळी इस्त्रीघरात गेले तर मोलेफेची इस्त्रीही जागेवर नव्हती.

ती किल्ल्याच्या दरवाजापुढे होती. गोळीबारात मेलेल्यांच्या सुतकाचा तो दिवस पाळायचा असे ठरले होते. लोकेशनातले सहाशे लोक किल्ल्यापुढे जमले, आणि त्यांच्यातून एक उंच माणूस धगधगत्या निखाऱ्यांनी भरलेली कोळशाची इस्त्री हातात धरून पुढे आला, तिचे झाकण उघडून त्याने आपला पास आत टाकला, आणि बाजूला होऊन म्हणाला, या, एकेकाने या, ढकलाढकली करू नका. लोक रांगेने आले. शिपाई दरवाजा उघडून बाहेर पडेपर्यंत दोनशे पास जळाले होते. दोन दिवसांत सरकारने आणीबाणी पुकारली. दहा माणसांनी एकत्र जमायचे नाही. धर्मकार्याला तेवढी परवानगी, तीही लेखी. कोणालाही, कारण न सांगता, किल्ल्यात. आठवडाभर रॉइकोपमध्ये रोज दारे फुटत होती, पण इस्त्रीवाल्याचे नाव काही कोणी घेतले नाही. मोलेफेही लॉन्ड्रीकडे फिरकला नाही.

रामनवमीच्या पहाटे किल्ल्यावरून गाडी आली. शिपाई म्हणाला, सगळे गणवेश आत्ताच्या आत्ता दे, ओले असतील तर ओलेच दे. बुवांनी ऐंशी गणवेश मोजून दिले आणि काय ते ओळखले. तीस वर्षांत किल्ल्याने सगळे कपडे एकदम कधी मागितले नव्हते. सगळे शिपाई आज एकदम बाहेर पडणार होते. गाडी गेली तशी लॉन्ड्रीच्या वाळवणघराचे मागचे दार वाजले. मोलेफे उभा होता. पायांत एकच बूट.

"लोकेशन घेरलान," तो म्हणाला. "घर घर झाडतायत. मी नाल्यातनं आलो. तुम्ही म्हणाल तर जातो बुवा, दुसरीकडं."

"दुसरीकडं कुठं?"

मोलेफे हसला. "ता काय अजून ठरवलं नाय."

बुवांनी त्याला आत ओढून दार लावले. तो मंगळवार होता. दर मंगळवारी तीन वाजता लॉन्ड्रीची गाडी सरहद्दीजवळच्या हॉटेलाच्या चादरी घेऊन निघे. गाडीला सरकारी परवाना होता, बुवांचा जावई ती चालवी, आणि हॉटेलामागे दोन मैलांवर काटेरी कुंपण. पलीकडे बेचुआनालँड, दुसरे राज्य. चादरींच्या गाठोड्यात माणूस बसतो. तीन वाजेपर्यंत त्याला जपायचे होते, एवढेच. आवडाबाईंनी त्याला भाकरी दिली. बुवांनी त्याला चादरींच्या रांगांमागे बसवले आणि जाता जाता विचारले, "पाडव्याला माझी सम कोणी धरली नाही रे. का आला नाहीस, ते निदान सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्हास्नी खोटं बोलावं लागलं असतं," मोलेफे म्हणाला. "तुमचा नेम मला ठावा हाय."

अकरा वाजता कीर्तन सुरू झाले. साठ माणसे. बारा वाजता रामजन्म व्हायचा, त्याआधी बुवांनी त्या दिवशी गुहकाची कथा लावली: वनवासाला निघालेल्या रामचंद्रांनी नावाडी गुहकाला, जो सावली पडू नये म्हणून दूर उभा होता, हात धरून जवळ ओढले आणि छातीशी लावले. ही कथा बुवांनी शंभरदा सांगितली असेल. त्या दिवशी 'दूर उभा होता' या शब्दापाशी त्यांचा आवाज अडला. लोकांना वाटले, भाव दाटला.

तेवढ्यात दारात बूट वाजले. गावाच्या नाकेबंदीचा मुख्य कॅप्टन लिंडेक आत आला. मागे चार शिपाई, अंगावर ओलसर, न इस्त्री केलेले गणवेश. आणि त्यांच्याबरोबर यशवंत हळदणकर, कोर्टातला दुभाषा. यशवंत याच गल्लीत वाढलेला, लहानपणी बुवांच्या मांडीवर खेळलेला. सरकारी चाकरीत गेल्यापासून मंदिरात येईनासा झाला होता. बुवांना बोअरांची आफ्रिकान्स भाषा उत्तम येत होती, तरी कॅप्टनने दुभाषा आणला. आपल्यासमोर हे लोक आपसात काय बोलतात ते त्याला कळायला हवे होते. लिंडेक काही आरडाओरडा करणारा अधिकारी नव्हता. त्याने टोपी काढून काखेत धरली, आणि दुसऱ्या हातातली वस्तू देवापुढच्या चौरंगावर ठेवली. जळून काळी पडलेली कोळशाची इस्त्री.

गावात लॉन्ड्र्या चार, त्याने शांतपणे सांगितले. तीन पाहून झाल्या. तुझ्याकडे इस्त्री कोण करतो?

बुवा उत्तर देणार, इतक्यात मागच्या बाजूने दोन शिपाई मोलेफेला घेऊन आले. पण श्रोतेहो, त्या माणसाची हुशारी पाहा. शिपायांची चाहूल लागताच त्याने दोरीवरचे रामाच्या पाळण्याचे रेशमी वस्त्र काढले होते, त्याची घडी केली होती, आणि जणू तेच आणायला गेला होता अशा रीतीने ते दोन्ही हातांवर धरून तो दाराशी आला. एका पायात बूट नव्हता. त्याने तेवढ्यात दुसराही काढून टाकला होता. देवळात यायचे तर अनवाणीच येतात.

"पास जळाले त्या सोमवारी दुपारी हा कुठे होता?" कॅप्टनने विचारले.

बुवा नारदाच्या जागेवर उभे होते, गळ्यात हार, हातात चिपळ्या. तिथून एक पाऊल बाजूला होऊन बोलले असते तरी चालले असते. पुढे कितीदा लोकांनी म्हटले, बुवा, तुम्ही बाजूला का झाला नाहीत. बुवा हलले नाहीत.

"माझ्यामागे होता," ते म्हणाले. "टाळ घेऊन. हा माझा टाळकरी. बावीस वर्षं तो इथं, या जागी, उभा राहतो."

त्यांनी हे मराठीत म्हटले. कॅप्टनने यशवंताकडे पाहिले. यशवंताची बायको गरोदर होती आणि घर सरकारी होते. आणि पोरवयात तो स्वतः त्याच पायरीवर मोलेफेच्या शेजारी बसून त्याच्याकडून ताल शिकला होता. त्याने बुवांचे शब्द आफ्रिकान्समध्ये जसेच्या तसे सांगितले. मग, स्वतःचे म्हणून, जोडले, "खरं आहे, साहेब. मी लहानपणापासून पाहत आलोय."

मंदिराच्या लेखी परवान्यात पूजेला लागणारे नोकर आत चालतील असे कलम होते. कॅप्टनने ते काढून वाचले. मग तो भिंतीला टेकला. "टाळकरी आहे ना," तो म्हणाला, "तर वाजवू दे. तू गा, म्हाताऱ्या. मला वेळ आहे."

बुवांनी दाराकडे हात केला. मोलेफे पुढे आला, आणि उंबऱ्यापाशी त्याचे पाऊल आपोआप थांबले. बावीस वर्षे ते तिथे थांबत आले होते.

"ये रे," बुवा म्हणाले, आणि त्यांचा आवाज कीर्तनातला नव्हता. "जागा रिकामी आहे. ये."

मोलेफे उंबरा ओलांडून आला. कोणीतरी टाळ त्याच्या हातात दिले. ते त्याने कधी हातात धरले नव्हते. त्याने दोरी बोटांना गुंडाळली, एकदा टाळ टाळाला हलकेच लावून पाहिला, जशी इस्त्री कापडाला लावून बघतात. बुवांनी 'जय जय राम कृष्ण हरी' धरले. आणि पहिल्या समेवर टाळ असा पडला, की मृदंगवाल्याने मान वळवून पाहिले. बुवांनी लय वाढवली, टाळ बरोबर आला. बुवांनी मुद्दाम नव्हे, भावाच्या भरात एक जागा तोडून पुढे नेली, टाळ तिथे आधीच उभा होता. मग मोलेफेने पद उचलले. त्याचा आवाज खोल, विहिरीतून यावा तसा. साठ माणसांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि हा आपल्या दारात बावीस वर्षे होता हे त्यांच्या ध्यानात आले. तळवडेकरशेठ तोंडावर उपरणे घेऊन रडत होते. घड्याळात बारा वाजले. लोकांनी गुलाल उधळला, पाळणा हलला, आणि रामजन्माचा गुलाल बुवांच्या, मोलेफेच्या आणि भिंतीशी उभ्या असलेल्या कॅप्टनच्याही खांद्यावर पडला.

कॅप्टनने तो झटकला. त्याने इस्त्री उचलली, शिपायांना मान हलवून खूण केली. बुवांच्या मनात आले: तीनला अजून तीन तास. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवाचे दर्शन न घेता देवाकडे नुसते मागितले.

पण रामजन्म झाला की प्रसाद वाटायचा असतो. कोणी न घेता जायचे नसते. आवडाबाई आतल्या खोलीतून आल्या, सुंठवडा आणि गूळ-सुंठेचे पानक घेऊन. आताचा आनंद त्यांना आवरत नव्हता, हात मात्र आपल्या वळणाने चालले होते. सर्वांत आधी मोलेफेला, असे त्यांच्या मनात आले. मनापासून आले. त्या दाराबाहेर गेल्या. खिळ्यावरचा मग काढला, पदराने पुसला, काठोकाठ पानक भरले, आणि वाकून तो पायरीवर, त्या गोल वळावर, नेमका ठेवला. मग मान वर करून त्यांनी पाहिले, तर पायरीवर कोणी नव्हते. मोलेफे आत उभा होता, हातात टाळ.

कॅप्टन लिंडेक जाता जाता थांबला. त्याने मगाकडे पाहिले, खिळ्याकडे पाहिले. गुडघा टेकून त्याने मग उचलला, दगडावरचा वळ बोटाने चाचपला, आणि वळाशेजारी बसून बसून गुळगुळीत झालेली जागाही. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. ओळखीची खूण दिसावी तसे काहीतरी होते.

"माझ्या घरी," तो म्हणाला, "स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर असाच एक मग आहे. माझी बायकोही तो पहिला भरते." त्याने मग पुन्हा वळावर ठेवला. "ज्याला आत उभा करतात, त्याचा मग बाहेर नसतो, म्हाताऱ्या. हा आज पहिल्यांदा आत आला."

यशवंताने हे भाषांतर केले नाही. गरजही नव्हती, बुवांना भाषा येत होती. मोलेफेने टाळ काढून मृदंगाशेजारी ठेवले. शिपायांनी त्याचे हात मागे घेतले तेव्हा तो आवडाबाईंकडे वळून म्हणाला, "वयनी, तुमचा काय दोष नाय. मगात सुंठ बरीक बरी पडलीय, वासावरनं कळतंय." पायरीवरून उतरताना त्याने मग पायाने उपडा होऊ नये म्हणून बाजूने पाऊल टाकले.

बुवांनाही नेले. खोटी साक्ष, आणि आणीबाणीचा हुकूम. कारण काहीही पुरे होते. यशवंताची चाकरी त्याच संध्याकाळी गेली, घर आठवड्याने. किल्ल्यातही वर्णाची वाटणी होती: हिंदी कैद्यांना एका अंगणात ठेवीत, काळ्यांना पलीकडच्या, हिंदी कैद्याला भाकरीबरोबर साखर, काळ्याला ती नाही. पाण्याचे मग मात्र सगळ्यांना पत्र्याचेच. दिवे लागायच्या वेळी भिंतीपलीकडून दारावर मग वाजू लागे, संथ, समेवर समेवर. बुवा इकडून पद धरीत. शिपाई ओरडे, दोघे थांबत, तो गेला की पुन्हा. दोन महिने असे चालले. एका संध्याकाळी बुवांनी पद धरले आणि पलीकडून काही आले नाही. मोलेफेला तीन वर्षांची सक्तमजुरी होऊन दूरच्या दगडखाणीवर नेले होते.

ऑगस्टअखेर आणीबाणी उठली, बुवा सुटले. किल्ल्याच्या कपड्यांचे काम अर्थात गेले होते. मंडळाने त्यांना हार घालून मंदिरात नेले. बुवांनी हार काढून ठेवला आणि सांगितले, की नारदाच्या जागेवर आपण खोटे बोललो, आता तिथे उभे राहणे नाही. तळवडेकरशेठ हात जोडून म्हणाले, "बुवा, जीव वाचवायला बोललात. असल्या खोट्याला देव खोटं धरत नाही."

"मी खोटं बोललो याचं मला दुःख नाही, शेठ," बुवा म्हणाले. "ते खोटं होतं याचं आहे. खरं करायला बावीस वर्षं होती."

त्याच सभेत, अखेर, तो विषय निघाला आणि एकमताने मंजूर झाला. कायदा तोडावा लागला तर तोडायचा. पायरीवर बसणारा मात्र खाणीवर होता, आणि दुसऱ्या हिवाळ्यात, तापात, तिथेच गेला. प्रेत दिले नाही. कागद आला.

त्यानंतरच्या रामनवमीला, दुपारी, मंदिराच्या दारात एक काळी बाई उभी राहिली. डोक्याला दुःखाचा काळा रुमाल. मोलेफेची बायको, दिकेलेदी. इतक्या वर्षांत ती कधी बाजारगल्लीच्या या टोकाला आली नव्हती. बुवांनी तिला पाहिलेही नव्हते. तिने मोडक्या आफ्रिकान्समध्ये हळूहळू सांगितले, की तिचा नवरा दर रविवारी या देवळात येई. घरी येऊन मुलांना सांगे, की आपण म्हाताऱ्या महाराजांच्या मागे उभे राहतो, हातात पितळेचे टाळ असतात, आपला ताल चुकला तर महाराजांचे गाणे थांबते. मुले हसत, तो ताटल्या घेऊन वाजवून दाखवी. बावीस वर्षे. तिला फार काही नको होते. तो कुठे उभा राहत असे, ती जागा तेवढी एकदा बघायची होती.

बुवांना उमगले. आपण कॅप्टनपुढे जे खोटे बोललो, तेच हा माणूस आपल्या घरी, आपल्यासाठी, वर्षानुवर्षे बोलत आला होता. आपली लाज त्याने आपल्या मुलांपुढे झाकून धरली होती.

त्यांनी दिकेलेदीचा हात धरला, तिला उंबऱ्यावरून आत आणले, आणि नारदाच्या जागेमागे, डाव्या अंगाला, फरशीवर बोट ठेवले. "इथं," ते म्हणाले. एकदा का होईना, तो तिथे उभा राहिला होता.

ती वाकली, फरशीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि तिथेच खाली बसली. मृदंग सुरू झाला. बुवांनी जागा सोडल्यापासून यशवंत कीर्तनाला उभा राही. बुवा सावकाश दाराबाहेर गेले आणि पायरीवरच्या गुळगुळीत जागी बसले.

रामजन्म झाला. आवडाबाई प्रसाद घेऊन आल्या. पितळी पेला त्यांनी दिकेलेदीच्या हातात दिला. मग बाहेर येऊन खिळ्यावरचा निळ्या कडेचा मग काढला, पदराने पुसला, भरला, आणि वाकून नवऱ्याच्या शेजारी, त्या वळावर ठेवला.